घर सोळा आण्यांचं, आमचे आणे चार

शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर विकायला काढलंय. ही पोस्ट जाहिरात नाही. गिऱ्हाईक ठरलंय, विसारही घेतलाय. व्यवहार अडलाय तो वकिलाच्या एका साध्या प्रश्नावर. त्याच्या मागं लागून गेले चार महिने मी जे वाचलं, विचारलं, शोधलं ते इथं लिहून ठेवतोय, कारण पेठांमधल्या निम्म्या घरांपुढं आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे. मी वकील नाही. आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवला, म्हणून हे त्याच वाटेनं सांगणार. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

तर झालं असं. घेणाऱ्याच्या वकिलांसमोर आम्ही प्रॉपर्टी कार्डाचा उतारा ठेवला. ए वॉर्ड, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणि धारक म्हणून बाबांचं एकट्याचं नाव. बाबा गेले, मागे आई, मी आणि धाकटा भाऊ. सरळ हिशेब. वकिलांनी उतारा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुमच्या वडिलांना बहिणी किती?"

"तीन," भाऊ म्हणाला. "पण त्यांचा काय संबंध? कार्डावर नाव बाबांचं आहे."

"कार्डावर आहे हो. घर कुणाचं ते विचारतोय."

भावाला हा प्रश्न आगाऊपणाचा वाटला. मला मात्र घरी येऊन ट्रंक उघडावी लागली.

ट्रंकेच्या तळाशी, कापडात गुंडाळलेलं खरेदीखत सापडलं. करवीर संस्थानचा स्टॅम्प, शके १८६०, म्हणजे आपलं १९३८. गादीवर राजाराम महाराज. अक्षर मोडी. इतकी वर्षं पोरांना शिवकाळ शिकवला आणि आजोबांच्या घराचा कागद मला वाचता येईना. मोडी वाचणारा शोधायला पंधरा दिवस गेले. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायच्या धांदलीत या मंडळींना मान आणि काम दोन्ही आलंय, त्यामुळं नंबर लावावा लागला. शेवटी एका निवृत्त गृहस्थांनी संध्याकाळी बसून वाचून दिलं.

आजोबांनी घर साडेचारशे रुपयांना घेतलेलं. चतुःसीमा अशा : पूर्वेला शेजाऱ्याचं घर आणि सामाईक भिंत, पश्चिमेला बोळ, दक्षिणेला सरकारी रस्ता, उत्तरेला चिंचेचं झाड. क्षेत्रफळ नाही, घर इतके खण एवढंच. दगडमाती, दारंखिडक्या, निधिनिक्षेप, म्हणजे पुरलेलं धन सापडलं तर तेसुद्धा, सगळं विकत दिलेलं. धन काही सापडलं नाही. चिंच पडूनही पन्नास वर्षं झाली असतील. आता हे 'चिंचेच्या दक्षिणेचं घर' म्हणजेच आजचा सिटी सर्व्हे नंबर अमुक, हे जोडून दाखवणं हे पहिलं काम होतं. ज्यांच्याकडं संस्थानकाळातला कागद आहे त्यांनी तो फेकू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका.

या कागदात एक गोष्ट महत्त्वाची आहे. घर आजोबांनी स्वतः घेतलेलं. वडिलोपार्जित नव्हे, स्वकष्टार्जित. हे ऐकून भाऊ खूश झाला. वकील जास्त खूश झाले, पण उलट्या कारणानं. ते पुढं सांगतो. आधी कार्डाचं.

आपल्याला वाटतं सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड म्हणजे मालकीचा दाखला. बँक मागते, वकील मागतो, सोयरीक जमवताना मुलीकडचेसुद्धा मागतात. पण ही दप्तरं जन्माला आली ती मालकी सांगायला नाही, सारा गोळा करायला. १८३५ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून नवी मोजणी सुरू केली. त्यांना जाणून घ्यायचं होतं ते एवढंच की हा तुकडा केवढा, कसा पिकतो आणि त्याचा सारा कुणाकडून वसूल करायचा. जमिनीत कुणाचा काय हक्क याची नोंद ठेवायचा कायदा मुंबई इलाख्यात आला १९०३ साली. म्हणजे आधी पावती, मग सत्तर वर्षांनी नाव. आणि ते नावही 'अमक्याचं आहे असं दप्तराला कळलंय' या अर्थाचं. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, नोंद खरी धरायची ती उलट सिद्ध होईपर्यंत. सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात तर स्वच्छ सांगितलंय की महसुली नोंदीनं मालकी तयार होत नाही आणि संपतही नाही.

आपल्या कोल्हापूरला दप्तराची ताकद काय असते हे फार आधी कळलं होतं. गावचं दप्तर पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्याच्या घरात. लिहिणारा तोच, वाचणारा तोच. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि त्याच वर्षी महार वतनं खालसा करून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर रयतावा केल्या. शाळेत आपण हे 'सामाजिक सुधारणा' या मथळ्याखाली दोन ओळींत शिकवतो. आता वाटतं, महाराजांनी लेखणी कुणाच्या हातात आहे ते पाहिलं होतं.

मग मालकी ठरते कशानं? खरेदीखतानं. पण त्यातही एक मेख आहे. खरेदीखत नोंदवून घेणारा सब-रजिस्ट्रार, विकणारा खरा मालक आहे का, हे तपासत नाही. तो दस्त तपासतो, मुद्रांक तपासतो, सह्या, अंगठे, फोटो घेतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं त्याला तेवढंच काम दिलंय आणि मालकी ठरवणं त्याच्या अधिकारात नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात पुन्हा सांगितलं. म्हणजे रजिस्ट्रेशन झालं म्हणून कुणी निर्धास्त असेल तर त्यानं नसावं. मी उद्या रंकाळा विकला आणि दस्त नोंदवला गेला तरी रंकाळा तुमचा होत नाही.

ऑस्ट्रेलियात १८५८ पासून टॉरेन्स नावाची पद्धत आहे. तिथं सरकारच्या रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक, आणि हमी सरकारची. आपल्याकडं तसं नाही. आंध्र प्रदेशानं त्या दिशेनं कायदा केला, लोक बिथरले आणि २०२४ मध्ये तो रद्दही झाला. आपली पद्धत साखळीची. तुम्ही कुणाकडनं घेतलं, त्यानं कुणाकडनं, त्याच्या आधी कोण. एक कडी तुटली की गेलं.

ही साखळी तीस वर्षांची का बघतात हा प्रश्न मलाही होता. गहाण सोडवून घ्यायची मुदत आधी साठ वर्षं होती, १९६३ च्या मुदत कायद्यानं ती तीस केली. म्हणजे तीस वर्षांत कुणी गहाणखत घेऊन दारात उभा राहू शकतो. शिवाय तीस वर्षं जुना कागद योग्य ठिकाणाहून निघाला तर कोर्ट त्याला साधारणपणे खरा मानतं. म्हणून सर्च रिपोर्ट तीस वर्षांचा. संगणकावर सूची क्रमांक दोन बघता येते ती साधारण २००२ पासूनची. त्याआधीचं बघायला रजिस्टर ऑफिसात बसून जाडजूड पुस्तकं उलटावी लागतात, आणि काही पुस्तकांची पानं हात लावला की पापडासारखी मोडतात.

आता आत्यांकडं येऊ.

बहुतेक घरांत समज असा की मुलींना हक्क मिळाला २००५ साली. त्याआधीच्या वारसांत बहिणींचं काही नाही. भाऊ हेच म्हणत होता : "आजोबा १९७१ ला गेले. तेव्हा कुठं होता मुलींचा कायदा?"

होता. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काबद्दल आहे. पण स्वकष्टार्जित मिळकतीचा धनी मृत्युपत्र न करता गेला तर विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. १९३८ मध्ये आजोबा गेले असते तर गोष्ट वेगळी. तेव्हा मुलग्यापुढं मुलीला वाटा नव्हता. विधवेला थोडा हक्क देणारा १९३७ चा कायदा आला होता, पण तो ब्रिटिश हद्दीतला, संस्थानात आपोआप लागू होणारा नव्हता. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि मग १९५६ चा कायदा इथंही तसाच आला. आजोबा १९७१ मध्ये गेले त्या क्षणी घराचे पाच वाटे झाले : आजी, बाबा, तीन आत्या. १९८९ मध्ये आजी गेली, तिचा वाटा चौघांत गेला. म्हणजे प्रत्येकी रुपयातले चार आणे. बाबांच्या चार आण्यांचे आम्ही तिघं धनी. भाऊ आयुष्यभर सोळा आण्यांच्या घरात वावरत होता, हिशेब झाला तेव्हा तो गप्प बसला.

मग इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही? त्यालाही कायदाच कारण आहे. त्याच १९५६ च्या कायद्यात कलम २३ होतं. कुटुंब राहात असलेल्या घराची वाटणी मुलीनं मागायची नाही, भावांनी वाटून घ्यायचं ठरवलं तरच. वाटा दिला पण मागायचं तोंड बांधलं. ते कलम २००५ मध्ये गेलं. माझ्या मते आपल्या पेठांमधल्या घरांच्या दृष्टीनं २००५ चा खरा बदल हा होता, आणि त्यावर कुणी बोलतच नाही.

आणि कार्डावर बाबांचं एकट्याचं नाव कसं लागलं? तेही सापडलं. आजी गेल्यावर १९९० मध्ये बाबांनी वारसनोंदीचा अर्ज दिला, सोबत तिन्ही आत्यांचा जबाब : आमची हरकत नाही, भावाचं नाव लावावं. साध्या कागदावर सह्या. नोंद झाली. फसवणूक म्हणावी असं त्यात काही नाही, त्या काळी घरोघरी असंच व्हायचं आणि अजून होतंय. पण 'हरकत नाही' म्हणणं आणि हक्क सोडणं यांत फरक आहे. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. जबाबानं फक्त कार्डावरचं नाव बदललं. वाटा जागच्या जागी राहिला.

भावानं शेवटचा बाण काढला, "बारा वर्षांच्या वर ताबा आपला आहे." हा बाण मी कट्ट्यावर शंभरदा ऐकलाय. वकिलांनी सांगितलं, सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीनं असतो. बहिणीला उघडपणे 'तुझं इथं काही नाही' म्हणून हुसकावून बारा वर्षं झाली असतील तर बोला. आत्या तर दर दिवाळीला घरी येत होत्या, माहेरपणाला.

मधल्या काळात आणखी दोन-तीन गोष्टी तपासल्या गेल्या. आमच्या कार्डावर सत्ता प्रकार 'क' निघाला म्हणून सुटलो. तिथं 'ब' असता तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न आला असता. हा 'ब' काय प्रकार आहे ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. चतुःसीमेत हल्ली पाचवी सीमा धरावी लागते ती पूररेषेची. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं. नदीच्या बाजूचं काही घेणार असाल तर निळी आणि लाल रेषा नकाशावर बघा, शेजाऱ्याला भिंतीवरचा पाण्याचा डाग विचारा. डाग खोटं बोलत नाही.

फ्लॅटवाले विचारतील आमचं काय. तुमच्यासाठी १९६३ चा मोफा कायदा आहे, मुंबईत बिल्डरांनी लोकांना नाडलं म्हणून १९६० मध्ये नेमलेल्या समितीतून आलेला, आणि १ मे २०१७ पासून महारेरा. एकच विचारतो : तुमच्या सोसायटीच्या नावावर जमिनीचं खरेदीखत झालंय का? नसेल तर बिल्डर सही करत नाही म्हणून बसून राहू नका. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेअन्सची सोय २००८ च्या दुरुस्तीनं केलेली आहे.

जास्त लिहायचंय ते माझ्या तालमीतल्या एका दोस्ताबद्दल. नाव नको. त्यानं २००८ मध्ये शहराबाहेर एक गुंठा घेतला. एजंटानं साठेखत आणि वटमुखत्यारपत्र करून दिलं, वर नोटरीचा शिक्का, आणि म्हणाला, "साहेब, सगळा एरिया असाच आहे." एरिया खरंच तसाच होता. भिंती आल्या, पत्रा आला, लाईट मीटर आला, घरफाळ्याची पावती आली. पावती आली की माणसाला वाटतं मालक झालो.

पोरीच्या शिक्षणाला कर्ज काढायला गेला तेव्हा बँकेनं सातबारा मागितला. इतर अधिकारात लिहिलेलं : देवस्थान इनाम वर्ग ३. आपल्या भागात ही गोष्ट फार खोल गेलेली आहे. राजे-सरदारांनी देवाच्या दिवाबत्तीला, पूजेला जमिनी लावून दिल्या. १९५० च्या दशकात बाकीची इनामं एकेक करून रद्द झाली, देवस्थान इनाम राहिलं. कारण तिथं मालक देव, आणि देव सही करत नाही. पुजारी किंवा वहिवाटदार कसतो, खातो, पण त्याला ती विकता येत नाही. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातल्या अशा हजारो मंदिरांचा कारभार आज पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडं आहे. दोस्ताला विकणारा देवाची जमीन विकून गेला होता.

समजा ती देवाची नसती तरी भानगड होतीच. १९४७ चा तुकडेबंदी कायदा. शेतीचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की बैल वळवता येणार नाही, हा त्याचा हेतू. चांगला हेतू. पण शहराला लागून असलेल्या गावात गवंड्याला, रिक्षावाल्याला, गुऱ्हाळावरच्या माणसाला परवडतो तो एक गुंठाच. कायद्यानं तो विकत मिळत नव्हता, मग नोटरी. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवली, आणि त्याच वर्षी लेआउट मंजूर नसलेल्या तुकड्यांचे दस्त नोंदवू नका असं परिपत्रकही निघालं. एका हातानं दार उघडायचं, दुसऱ्यानं लावायचं. आणि वटमुखत्यारपत्रावरच्या विक्रीनं मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये, सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं. दोस्तानं घर बांधून तीन वर्षं झाली होती.

त्याला मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याला दहा गुंठे परवडले असते तर तो एजंटाकडं गेला असता का? तो अजून तिथंच राहतो. घरफाळा भरतो. विकता येत नाही, कर्ज मिळत नाही, पोरगी शिकली ती बायकोच्या दागिन्यांवर.

परत आमच्या घराकडं. मधली आत्या गेली, तिची मुलं इचलकरंजीत असतात, ती सही द्यायला तयार आहेत, वाटा घेऊन. धाकटी निपाणीला, तीही तयार. थोरली कागलला, वय चौऱ्याऐंशी. मी आणि भाऊ तिच्याकडं गेलो. भाऊ वाटेत म्हणत होता, हक्कसोडपत्रच घेऊ, तिला पैसे कशाला लागतायत. मी १९९० च्या त्या जबाबाची झेरॉक्स तिच्या हातात दिली. तिनं लांब धरून आपली सही ओळखली.

"तुझ्या बापानं कागद पुढं केला आन्‌ मी सही केली. काय लिवलंय इचारलं न्हाई. भावाला इचारायचं अस्तंय व्हय?"

आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग भावानंच विचारलं, आत्या, आता काय करायचं?

ती म्हणाली, पैसे द्या, नातवाला लागतायत. पण त्याआधी त्या घराच्या कागदावर माझं नाव लावा. दादांनी घेतलेलं घर, चार दिवस का हुईना, माझ्या नावावर असू दे. मग कुठं म्हणशील तिथं सही करते.

वकिलांच्या मते व्यवहारासाठी याची गरज नाही, सगळ्यांनी खरेदीखतावर सह्या केल्या की भागतं. उगाच दोन महिने जातील आणि घेणारा कुरकुर करेल. घेणाऱ्याला मी सगळं सांगितलं. त्यानं दसऱ्यापर्यंत थांबायचं कबूल केलंय.

वारसनोंद दुरुस्तीचा अर्ज सिटी सर्व्हेला दिलाय. सोबत मोडी खरेदीखताचं लिप्यंतर, आजोबा-आजीचे मृत्यूचे दाखले, सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं. अर्जाखाली पहिली सही भावाची आहे. नोटिशीची हरकतीची मुदत येत्या गुरुवारी संपतेय. नवं कार्ड मिळालं की त्याची एक प्रत घेऊन कागलला जायचंय.